मिलाग्रीस फेस्ताची मूळ छायाचित्रे निकालात काढू नका

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
फेस्ताचा छायाचित्र संग्रह सांभाळणारी संस्था,
बार्देश, गोवा.

विषय: म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मदर मेरीच्या) फेस्ताच्या म्हणजे उत्सवाच्या, आणि त्याला जोडून भरणाऱ्या फेरीच्या म्हणजे बाजाराच्या, जुन्या छायाचित्रांच्या मूळ प्रतींबाबत आपण घेतलेला निर्णय.

महोदय,

आपल्या संस्थेचे नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, देणगीदारांना ठाऊक आहे, आणि कोणाची नालस्ती करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. तरीही हे पत्र आपल्या टपालपेटीत न टाकता सर्वांसमोर ठेवत आहे, कारण ज्यांची छायाचित्रे आपण निकालात काढायला निघाला आहात त्यांची मुले-नातवंडे आजही त्याच बाजारात पाटी घेऊन बसतात आणि त्यांना या बाबतीत कोणी एका शब्दानेही विचारलेले नाही.

आपल्या कार्यालयाने नुकतेच देणगीदारांना एक पत्र पाठवले. संग्रहाचे डिजिटलीकरण पूर्ण झाले आहे, मूळ प्रिंट, काचेच्या प्लेटी आणि फिल्मच्या निगेटिव्ह यांच्यासाठी एक खोली कायमची अडवून ठेवणे संस्थेला परवडत नाही, म्हणून ज्या प्रती प्रदर्शनाच्या फलकांवर चिकटवता येतील त्या चिकटवल्या जातील आणि उरलेल्या पावसाळ्यापूर्वी निकालात काढल्या जातील, असा त्या पत्राचा आशय आहे. उरलेल्या प्रती रद्दीत जाणार, कोणा संग्राहकाला विकल्या जाणार की आणखी कुठे जाणार, याचा त्यात उल्लेख नाही. देणगीदारांनी त्या परत मागितल्या तर काय, याचाही नाही.

या संग्रहातील एक पेटी आमच्या घरातून गेलेली आहे, म्हणून मला बोलणे भाग आहे. माझे वडील म्हापशातील एका फोटो स्टुडिओत डार्करूमचे काम करीत. फेस्ताच्या दिवसांत स्टुडिओत गिऱ्हाइकांची रीघ लागे, पण दुपारची थोडी उसंत मिळाली की मालकाचा जुना कॅमेरा मागून घेऊन ते फेरीत शिरत आणि मिरचीवाल्या, खाजेकार, मडकी विकणारे, तेलाची बाटली घेऊन उभे असलेले भाविक, असे जे समोर दिसेल ते टिपत. प्रिंट वाळली की तिच्या पाठीवर ते मऊ पेन्सिलीने तारीख, दुकानाची जागा, माणसाचे नाव आणि गाव लिहीत. काही नोंदी पोर्तुगीजमध्ये, बहुतेक मराठीत. ते गेल्यानंतर भावाने आणि मी ती पेटी आपल्या स्वाधीन केली, कारण आमचे कौलारू घर गळके आणि आपली इमारत चिरेबंदी. त्या वेळी आपल्याकडून मिळालेली पावती म्हणजे एका कोऱ्या कागदावर 'छायाचित्रांची एक पेटी मिळाली' एवढी एक ओळ. आत किती प्रिंट, किती निगेटिव्ह, कोणत्या सालच्या, काही नाही. तेव्हा आम्ही विश्वासावर चाललो, आणि तसे चालणारे आम्ही एकटेच नसणार.

म्हापशाबाहेरच्या वाचकांना या फेरीची थोडी ओळख करून द्यायला हवी. 1594 साली स्थापन झालेल्या सेंट जेरोम चर्चमध्ये ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त होते. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणींतली एक मिराबाय, आणि तीच म्हापशाची सायबीण, अशी बार्देश-डिचोलीतल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. शिरगावहून सायबिणीला तेल येते आणि इकडून लईराईला मोगऱ्याच्या कळ्या जातात, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे तेल वाहण्याच्या रांगेत पुढे कुंकू लावलेली बाई आणि मागे गळ्यात खुरीस (क्रूस) घातलेली बाई उभी असेल तर म्हापशात कोणाला त्याचे नवल वाटत नाही.

फेस्ताला जोडून भरणारी फेरी हा पावसाळ्याच्या पुरुमेताचा, म्हणजे बेगमीचा, बाजार. सुके बांगडे, सुकी सुंगटे, सुक्या मिरच्या, चिंच, आमसुले, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ, मडकी, सुपे, रोवळ्या, लाकडी पाट आणि कपाटे, असे चार महिने घर चालवणारे सगळे सामान तिथे एका फेरफटक्यात मिळे. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला असाच बाजार भरतो. या बाजाराचे हिशेब कोणी वहीत लिहून ठेवलेले नाहीत. कोण कुठून आले, काय विकायला बसले, कशात मोजले, काय भावाने दिले, हे कळायचे तर ही छायाचित्रेच हाताशी आहेत. म्हणून ती सुंदर आहेत की नाहीत यापेक्षा ती नीट वाचता येतात की नाही याला मी अधिक महत्त्व देते, आणि माझ्या सर्व तक्रारींचे मूळ तेच आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की आपण छायाचित्रांची फक्त पुढची बाजू स्कॅन केली. पाठ सोडून दिली. एवढेच नव्हे, तर प्रदर्शनात लावलेल्या प्रिंट फलकांवर पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावून चिकटवल्या, म्हणजे त्यांच्या पाठीवर जे लिहिले होते ते आता कोणालाही वाचता येणार नाही. याचे परिणाम काय होतात ते एका उदाहरणाने सांगते, कारण नुसते 'माहिती गेली' असे म्हटले की ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

प्रदर्शनाच्या प्रवेशद्वाराशी आपण मोठे करून लावलेले जे छायाचित्र आहे, ते वडिलांचे आहे. गोणपाटावर बसलेली एक बाई, पुढ्यात सुक्या मिरच्यांचा ढीग, डाव्या हातात तराजूची दोरी, उजव्या हाताने ती पारड्यात वजन टाकते आहे आणि नजर मात्र गिऱ्हाइकाच्या पिशवीवर आहे. मागे बांबूला टांगलेल्या कांद्याच्या माळा. त्याखाली आपण लिहिले आहे की हा 1962 च्या एप्रिल महिन्यातील फेस्ताचा दिवस असून मुक्त गोव्यातले ते पहिले फेस्त होय. या मजकुरापुढे लोक थांबतात, भारावतात आणि आपला मोबाइल काढतात. मीही थांबले, पण वेगळ्या कारणाने.

1962 साली ईस्टर 22 एप्रिलला होता. त्यानंतरचा तिसरा सोमवार 7 मे. म्हणजे त्या वर्षी एप्रिलमध्ये फेस्ताचा दिवस आलाच नव्हता. हे कळायला इतिहासकार लागत नाही. ईस्टरची तारीख पाहून कोणताही म्हापसेकर बोटांवर सांगेल. आता मूळ प्रिंट पाहा. तिच्या अगदी उजव्या कडेला खडूने लिहिलेली एक पाटी अर्धवट दिसते, आणि तिच्यावरचा भाव एश्कुदांत आहे. पोर्तुगीज सरकारने रुपयाच्या जागी 6 एश्कुदांना एक रुपया या हिशेबाने एश्कुद आणला. त्याच्या नोटांवर 1959 हे साल आहे. तेव्हा हे छायाचित्र 1959 च्या आधीचे असू शकत नाही. 1959 चे फेस्त 13 एप्रिलला झाले, 1960 चे 2 मेला, 1961 चे 17 एप्रिलला. एप्रिल महिना आणि एश्कुद यांची सांगड घातली तर 1959 आणि 1961 ही दोनच साले उरतात, आणि प्रिंटच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात '17-4-61' असे स्वच्छ लिहिले होते. सोबत बाईचे नाव होते आणि गाव हळदोणे.

म्हणजे आपण ज्याला मुक्तीनंतरचे पहिले फेस्त म्हणून मिरवले ते पोर्तुगीज अमदानीतले शेवटचे मिलाग्रीस फेस्त आहे. गोवा मुक्त झाला त्या 19 डिसेंबर 1961 ला अजून आठ महिने अवकाश होता. चूक कोणाचीही होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण चौकटीत बसावे म्हणून मोठ्या केलेल्या प्रतीची उजवी कड कापली गेली, त्यात पाटी गेली. मूळ प्रिंट फलकाला चिकटवण्यात पाठ गेली, त्यात तारीख गेली. आणि आता मूळ प्रतीच नाहीशी झाली तर ती चूक दुरुस्त करण्याचा मार्गच बंद होईल. पुढे कोणी या छायाचित्रावरून लिहायला बसला तर आपल्या चुकीच्या ओळीखेरीज त्याच्या हाती काय लागेल?

अशीच गत बटाट्याच्या पोत्यांच्या छायाचित्राची झाली आहे. 1955 पासून भारताच्या आर्थिक नाकेबंदीमुळे घाटावरून येणारा माल आटला, आणि गोव्यात बटाटे हॉलंडहून, तांदूळ ब्रह्मदेशातून येऊ लागले. त्या काळातल्या फेरीत रचून ठेवलेल्या पोत्यांवर परदेशी छापाची अक्षरे आहेत, जी मूळ निगेटिव्हवर भिंग धरले तर वाचता येतात. आपल्या स्कॅनमध्ये त्या जागी काळपट ठिपके आहेत. स्कॅन कमी दर्जाचा, वर तो प्रिंटवरून केलेला, निगेटिव्ह हाताशी असूनही. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की निगेटिव्ह 'उलट्या' दिसतात.

दुसरी तक्रार रंगांची. आपण काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रंग चढवले आणि फलकांवर कुठेही तसे नमूद केले नाही. तरुण प्रेक्षकांना रंग आवडतात, हे आपले म्हणणे मी समजू शकते. पण जुनी काळी-पांढरी फिल्म फक्त उजेड आणि सावली नोंदवते; लाल आणि गडद निळा तिच्यावर सारखेच काळपट उतरू शकतात, तेव्हा यंत्र जो रंग भरते तो निव्वळ अंदाज असतो. आपल्या यंत्राने कुणबी बाईचे लाल चौकड्यांचे कापड निळे केले. चर्चला जाताना वयस्कर ख्रिस्ती स्त्रिया जे 'ओल' नावाचे पांढरे वस्त्र पांघरत, ते गुलाबी केले. वेणीतली अबोलीची फाती जांभळी केली, आणि जांभळी अबोली गोव्यातल्या कुठल्याही परसात उगवत नाही. वरकरणी या गोष्टी किरकोळ वाटतील, पण कोणी काय नेसावे, काय पांघरावे यावरून त्या काळी माणसाची जात, धर्म, वय, सुतक सगळे कळत असे, आणि तीच माहिती आपण पुसून तिथे खोटी भरली. त्यात भर म्हणजे या रंगवलेल्या प्रतींवर संस्थेची मोठी मुद्रा आडवी छापली आहे, जी मूळ प्रतींवर कधीच नव्हती.

मजकुराच्या भाषेबद्दल थोडक्यात लिहिते. सर्व ओळी केवळ इंग्रजीत आहेत. मिरची विकणाऱ्या बाईच्या नातीला स्वतःच्या आजीबद्दल काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, हे मी स्वतः पाहिले. या ओळी लिहिणाऱ्यालाही बहुधा फेस्ताची ओळख नसावी, कारण तेलाच्या बाटल्या घेऊन सायबिणीच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांखाली 'पाण्यासाठी ताटकळलेल्या महिला' अशा अर्थाचे वाक्य आहे. म्हापशात पाण्याची टंचाई होतीच, पण त्या दिवशी नव्हे.

नावांचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपणारा नाही. वडिलांनी पाठीवर जी नावे लिहिली ती गंमत म्हणून लिहिली नव्हती. पुढच्या वर्षी त्या माणसाला त्याची प्रत नेऊन द्यायची असे, म्हणून लिहिली होती. पुष्कळांना त्यांनी ती दिलीही. आपल्या प्रदर्शनात ही माणसे 'विक्रेती स्त्री', 'कुंभार', 'ग्रामस्थ' अशी झाली आहेत. त्याच दालनात उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे लावली आहेत आणि तिथे प्रत्येकाचे नाव, पद आणि पदवी यथासांग दिली आहे. पाहुण्यांच्या नावांना माझी हरकत नाही. पण ज्यांच्यावाचून फेरी भरलीच नसती त्यांची नावे हाताशी असताना ती वगळणे हे कोणत्या निकषात बसते, ते आपण जाहीरपणे सांगावे.

आता प्रतींच्या प्रकृतीबद्दल, कारण मूळ प्रती 'खराब होतच आहेत' हे आपल्या निर्णयाचे एक कारण म्हणून सांगितले गेले. त्या खराब होत आहेत हे खरे आहे. त्या कशामुळे खराब झाल्या ते मी, डार्करूमवाल्याची मुलगी म्हणून, सांगू शकते. प्रिंटचे गठ्ठे रबर बँडने बांधून ठेवले होते. रबरातल्या गंधकाने चांदीच्या प्रतिमेवर पिवळट-तपकिरी पट्टे उमटले. काही प्रिंट स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्या. पावसाळ्यात प्लास्टिक आणि जिलेटिन एकमेकांना चिकटले, आणि सोडवताना प्रतिमेचा थर प्लास्टिकबरोबर निघून आला. पाठीवर जांभळ्या शाईचे शिक्के मारले, त्यांची शाई दमटपणाने पुढच्या बाजूस झिरपली. त्या काळच्या छायाचित्रांच्या दातेरी कडा चौकटीसाठी कापून सरळ केल्या. काही प्रिंट लॅमिनेट केल्या, ज्या आता कोणालाही मोकळ्या करता येणार नाहीत. प्रदर्शन ज्या व्हरांड्यात भरले तिथे दुपारभर ऊन येते. आणि फिल्मच्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तेव्हा त्याचे झाकण आणखी घट्ट लावण्यात आले. अ‍ॅसिटेट फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटते, आणि बंद डब्यात ते साठले की शेजारच्या धडक्या निगेटिव्हही नासतात. अशा निगेटिव्ह वेगळ्या काढायच्या असतात, मोकळ्या हवेच्या पण थंड आणि कोरड्या जागी ठेवायच्या असतात आणि सर्वांत आधी स्कॅन करायच्या असतात. यातले एकही काम झालेले नाही.

या सर्व गोष्टी टाळण्याजोग्या होत्या. त्यासाठी लागणारे सामान म्हणजे आम्लरहित कागदाची पाकिटे, एक लोखंडी कपाट, आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र, आणि पावसाळ्यात ती जागा कोरडी राखण्याची व्यवस्था. काचेच्या प्लेटी आडव्या रचल्या की खालच्या फुटतात, त्या उभ्या ठेवायच्या असतात, एवढे सांगणारा एक जाणता माणूस. खोली परवडत नाही हे आपले म्हणणे मी खोटे ठरवत नाही. गोव्यात सार्वजनिक संस्थांकडे पैसा किती असतो ते मी शाळेत नोकरी करून पाहिलेले आहे. पण या संग्रहाला खोली लागतच नाही, एक कपाट लागते. तेही शक्य नसेल तर पणजीत राज्याचे पुराभिलेख खाते आहे आणि 1832 पासून चालत आलेले, आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला का, झाला असल्यास काय उत्तर आले, हे आपल्या पत्रात कुठेही नाही.

डिजिटल प्रती आहेत म्हणून मूळ प्रतींची गरज नाही, हा आपला मुख्य मुद्दा आहे, म्हणून त्याचे उत्तर स्वतंत्रपणे देते. आपल्या डिजिटल प्रती पाठीविना आहेत, कडा कापलेल्या आहेत, कमी दर्जाच्या आहेत, काहींवर रंग आणि मुद्रा आहेत, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या सर्व कार्यालयातील एकाच संगणकावर आहेत. तो संगणक बिघडला तर? समजा, आपण उद्या उत्तम स्कॅन केले, तरीसुद्धा दहा वर्षांनी अधिक चांगले यंत्र येईल तेव्हा पुन्हा स्कॅन करायला मूळ निगेटिव्हच हवी. वाद निर्माण झाला तर पडताळून पाहायलाही मूळ प्रतच हवी. आमच्याकडे जमिनीचा उतारा संगणकावर मिळू लागला म्हणून कोणी जुनी कागदपत्रे चुलीत घातलेली नाहीत.

यास्तव माझ्या मागण्या मी स्पष्टपणे मांडते.

मूळ प्रती, प्लेटी आणि निगेटिव्ह निकालात काढण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने लेखी ठरावाने मागे घ्यावा, आणि तोवर कोणतीही प्रत इमारतीबाहेर जाऊ नये. चिकटवणे, लॅमिनेट करणे, कापणे आणि शिक्के मारणे आजपासून थांबवावे. जे आधीच चिकटवले आहे ते घरच्या घरी ओढून काढण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये. त्यासाठी छायाचित्र-संवर्धनाची माहिती असलेल्या व्यक्तीचा सल्ला घ्यावा.

उरलेल्या प्रत्येक प्रतीचे दोन्ही बाजूंनी, कडांसह, न कापता स्कॅन करावे. जिथे निगेटिव्ह उपलब्ध आहे तिथे निगेटिव्हवरून करावे. आणि त्या फायली किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वास येणाऱ्या निगेटिव्ह आधी घ्याव्यात, त्यांच्याकडे फार वेळ नाही.

रंगवलेल्या प्रती प्रदर्शनातून आणि फेस्ताच्या नियोजित स्मरणिकेतून काढाव्यात. ते मान्य नसेल तर प्रत्येकीखाली रंग यंत्राने भरलेले आहेत असे ठळकपणे छापावे आणि शेजारी मूळ प्रत न कापता लावावी. मिरचीच्या छायाचित्राखालची ओळ लगेच दुरुस्त करावी.

मजकूर मराठीत, देवनागरी आणि रोमी कोकणीत, आणि हवा तर इंग्रजीतही असावा. तो छापण्यापूर्वी छायाचित्रांच्या साध्या प्रती एखाद्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मांडून ठेवाव्यात. तिथे अजून अशी वयस्कर माणसे येतात जी एका दृष्टिक्षेपात माणूस, दुकान आणि जागा ओळखतील. त्यांनी सांगितलेले एखाद्या तरुणाने वहीत उतरवून घ्यावे आणि पाठीवरच्या नोंदींशी ताडून पाहावे. ज्यांची नावे मिळतील त्यांच्या कुटुंबाची संमती घेऊन ती छापावीत, आणि त्या कुटुंबाला एक प्रत विनामूल्य द्यावी. हे काम खर्चाचे नाही. पण ते करू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

प्रत्येक देणगीदाराला त्याने दिलेल्या वस्तूंची तपशीलवार यादी आणि त्यांची आजची स्थिती लेखी कळवावी, फुटलेल्या, हरवलेल्या आणि लॅमिनेट झालेल्या वस्तूंसह. यापुढे संग्रहाविषयी निर्णय घेणाऱ्या समितीत फेरीत बसणाऱ्या विक्रेत्यांपैकी किमान एक व्यक्ती आणि देणगीदारांपैकी एक व्यक्ती असावी. ती मी असावी असा माझा आग्रह नाही.

यातले काहीच करणे आपल्याला शक्य नसेल, तर आमची पेटी आम्हाला परत करावी आणि इतर देणगीदारांनाही तोच पर्याय द्यावा. वडिलांच्या अक्षरातली मूळ यादी माझ्याकडे आहे. त्या यादीशी एकेक प्रत ताडून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ती मी घेऊन जाईन. या पत्राचे लेखी उत्तर मृग नक्षत्र लागण्यापूर्वी मिळावे, कारण पहिला पाऊस पडला की त्या व्हरांड्यात भिजायचे ते भिजेल आणि त्यानंतर आलेल्या उत्तराचा कोणालाच उपयोग होणार नाही. उत्तर आले की तेही मी याच ठिकाणी, एकही शब्द न गाळता, प्रसिद्ध करीन.

आपली,
एक देणगीदार आणि निवृत्त शिक्षिका,
बार्देश, गोवा